काळ्या मातीचा जवळा

प्रस्तावना

धूलकोट हे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पट्ट्यातले गाव. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांहून लांब, आणि मध्ये डोंगर, कापूस-केळीचा मुलूख, उकाईचे धरण असे बरेच काही पडते. अशा ठिकाणच्या मराठी वाचकापुढे समुद्रातल्या बोटाच्या पेराएवढ्या प्राण्यावरचे पुस्तक ठेवायचे, तर ‘आम्हाला याचे काय?’ हा प्रश्न पहिल्याच पानावर घ्यायला हवा. त्याचे एक सोपे उत्तर असे की हा प्राणी निमाड-खानदेशाला परका नाही. आठवडी बाजारात मिरची-लसणाच्या शेजारी गोणपाटावर ढीग घालून विकली जाणारी सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. कालवणाला काही नसेल त्या दिवशी ती तव्यावर कोरडी परततात, कांदा-मिरची घालतात आणि भाकरीबरोबर खातात. पण नुसत्या खाण्याच्या ओळखीने हा प्रश्न सुटत नाही. आपण खातो त्या सगळ्याच गोष्टींच्या जन्मगावाची चौकशी करत नाही, आणि करायलाच हवी असेही नाही. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते दुसरे उत्तर. जवळा ज्या पाण्यात एवढ्या राशीने होतो ते पाणी, आणि विशेषतः त्या पाण्याखालचा चिखल, बऱ्याच अंशी आपल्याकडून गेलेला आहे. धूलकोटच्या आसपास पडलेला पाऊस उतार बघून उत्तरेला नर्मदेकडे वळो की दक्षिणेला तापीकडे, शेवटी तो पोचतो खंभातच्या आखातातच. आणि भारतात जवळ्याची सर्वांत मोठी मासेमारी चालते ती याच आखाताच्या तोंडापासून खाली मुंबई-रायगडपर्यंतच्या पाण्यात. तेव्हा या भागातला माणूस जवळ्याचा गिऱ्हाईक तर आहेच. शिवाय ज्या मुलुखावर जवळ्याचे भरणपोषण अवलंबून आहे, त्याचा तो रहिवासीही आहे.

हे पटवण्याआधी एक जुना गैरसमज बाजूला करावा लागतो. जवळा म्हणजे कोळंबीची पिल्ले, मोठी होण्याआधीच जाळ्यात आलेली, असे पुष्कळांना वाटते. आकार आणि भाव या दोन्हींमुळे तो समज घट्ट झाला आहे. ओल्या जवळ्याची एक चिमूट बशीभर पाण्यात सोडून भिंगाखाली धरली की तो टिकत नाही. अंग दोन्ही बाजूंनी चपटे आणि जवळपास आरपार दिसणारे. डोळे काळेभोर, लांब देठांवर बसवलेले. तांबूस मिशा अंगाहूनही लांब, शेपटीच्या पंख्यावर तांबडे ठिपके. कोळंबीच्या कपाळावर करवतीसारखा लांब काटा असतो, तो इथे जेमतेम टोकापुरता उरलेला. निर्णायक पुरावा मात्र पायांत आहे. कोळंबीला छातीखाली पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्याला तीनच. मागच्या दोन जोड्या नाहीशा झालेल्या आहेत आणि वय वाढले म्हणून त्या उगवत नाहीत. तळावर उभे राहायची, चालायची गरजच नसलेल्या प्राण्याचे हे शरीर आहे. पोटाखालच्या वल्ह्यांसारख्या पायांवर तो आयुष्यभर पोहत राहतो. पूर्ण वाढलेली मादी जास्तीत जास्त चार सेंटिमीटर, नर तिच्याहून बराच लहान. नराच्या पहिल्या मिशीची खालची शाखा आकड्यासारखी असते, मिलनाच्या वेळी मादीला धरण्यासाठी. तयार मादीच्या पारदर्शक अंगातून अंडाशय दिसते. ज्याला पिल्लू म्हणून हिणवले जाते त्याच्या पोटात पुढची पिढी तयार असते.

हा प्राणी शास्त्राच्या वहीत आला तो १८३० साली. आंरी मिल्न-एदवार्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने असेटिस हा वंश आणि त्यातली असेटिस इंडिकस ही जाती यांचे वर्णन त्या वर्षी केले. तो ज्या कुळात मोडतो त्या सर्जेस्टिडी कुळाची स्थापना जेम्स ड्वाइट डेना या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये केली. कोळंबीशी या कुळाचे नाते आहे, पण ते चुलत घराण्याचे: दोघांचे कल्ले झाडासारखे फांद्या फुटलेले, आणि दोघेही अंडी अंगाशी न सांभाळता थेट पाण्यात सोडतात. आपल्या किनाऱ्यावर जवळ्याबरोबरच जाळ्यात येणारी करंदी दिसायला त्याच्या जातीची वाटते, पण ती वेगळ्याच शाखेतली. करंदीची मादी अंडी पोटाखाली चिकटवून वागवते. वाळलेल्या मालातसुद्धा दोघांतला फरक ओळखता येतो. करंदीच्या पोटावरच्या कड्यांपैकी दुसऱ्या कड्याची कडा पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही कड्यांवर चढलेली असते. जवळ्यात कडी कौलांसारखी एकामागे एक सरकत जातात. सुकट निवडणाऱ्या बाईला हे सांगायची गरज पडत नाही. तिची बोटे लांब काट्यावरून करंदी कधीच बाजूला काढतात.

सर्जेस्टिडी कुळातले बहुतेक प्राणी किनाऱ्याकडे फिरकतही नाहीत. खुल्या महासागरात दिवसा ते कित्येकशे मीटर खोल, उजेड जेमतेम पोचतो अशा थरात राहतात आणि रात्री अन्नासाठी वर येतात. रोज उभ्या दिशेने असा प्रवास समुद्रातले असंख्य प्राणी करतात. त्यांतल्या अनेकांच्या अंगाच्या खालच्या बाजूला प्रकाश देणारे अवयव असतात, म्हणजे वरून येणाऱ्या मंद उजेडात त्यांची सावली खालच्या शिकाऱ्याला दिसू नये. या घराण्यात असेटिस हा वंश वेगळा पडतो. त्याच्या चौदा-एक जाती बहुतांशी पन्नास मीटरांहून उथळ पाण्यात, खाड्यांच्या आणि नद्यांच्या मुखांशी राहतात. मकोतो ओमोरी या जपानी शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये या वंशावर जो मोठा प्रबंध लिहिला, त्यातही हे पुन्हा पुन्हा दिसते: जिथे उथळ किनारा, गाळाचा तळ आणि नदीचे पाणी, तिथे असेटिस. खोल समुद्रातल्या नातेवाइकांना जो आडोसा अंधार देतो तो जवळ्याला गढूळपणा देत असावा, असा माझा तर्क आहे. खंभातच्या आखातातल्या पाण्यात भर दुपारीही काही हातांपलीकडे काही दिसत नाही. नजरेने शिकार करणाऱ्या माशाला तिथे आंधळ्यासारखे चाचपडावे लागते, आणि आरपार दिसणाऱ्या, थव्याने राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्याला ती परिस्थिती सोयीची.

त्याचे आयुष्य थोडे असते. असेटिसच्या बहुतेक जाती तीन महिने ते दहा महिने जगतात. पाण्यात सोडलेल्या अंड्यातून नॉप्लियस हे पहिले पिल्लू बाहेर पडते. मग कातीमागून कात टाकत, दर वेळी रूप पालटत, ते अनेक अवस्थांतून जाते आणि काही आठवड्यांत जवळ्यासारखे दिसू लागते. या अवस्थांना जुन्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळे प्राणी समजून वेगवेगळी नावे दिली होती, इतकी ती रूपे एकमेकांपासून लांबची आहेत. खाणे संमिश्र: डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पती, कोपेपॉडसारखे त्याच्याहून बारीक कवचधारी, आणि पाण्यात तरंगणारा कुजका सेंद्रिय गाळ. या शेवटच्या घटकाकडे नीट लक्ष द्यायला हवे. समुद्रातल्या अन्नसाखळीचे चित्र शाळेत शिकवतात ते उजेडापासून सुरू होते. उजेडावर वनस्पती, वनस्पतींवर प्राणी. पाणी एवढे गढूळ असेल की उजेड वरच्या थोड्या थरातच संपतो, तर तिथे ती साखळी अपुरी पडते आणि कुजलेल्या पालापाचोळ्यावर, जिवाणूंवर, पुन्हा पुन्हा ढवळल्या जाणाऱ्या गाळावर जगणारी दुसरी साखळी पुढे येते. जवळा या दोन्ही साखळ्यांत तोंड घालू शकतो. त्याच्या राशीचे कारण मला इथे दिसते.

आता तो कुठे होतो ते नकाशावर पाहू. गुजरातच्या जाफराबाद-नवाबंदरपासून पालघर, वसई, उत्तन, वर्सोव्यापर्यंत आणि पुढे रायगडच्या किनाऱ्यापर्यंत डोल जाळ्यांची पट्टी आहे. डोल हे नरसाळ्यासारखे लांबलचक जाळे. ते ओढत नाहीत, समुद्रात खुंट रोवून किंवा नांगरून ते भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडावर लावून ठेवतात. प्रवाहच जाळ्याचे तोंड उघडे धरतो आणि प्रवाहच जवळा आत ढकलतो. पाणी थांबले, दिशा बदलायच्या बेतात आले की होडीवाले टोकाचा बारीक आसाचा खोला वर घेतात आणि मोकळा करतात. उधाणाला जाळे जास्त भरते, भांगाला पाणी मंद असते म्हणून कमी. म्हणजे हे जाळे जवळ्यामागे जात नाही. जवळा स्वतःच्या बळावर प्रवाहाला तोंड देऊ शकत नाही, या त्याच्या शरीरधर्मावर सगळी युक्ती उभी आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला हे चित्र विरळ होते. जवळा तिथे असतो, खाल्लाही जातो, पण डोलीची गावेच्या गावे दिसत नाहीत. केरळच्या किनाऱ्यावर तारलीचे राज्य. पुन्हा राशीचा जवळा भेटतो तो थेट पूर्वेला, गंगेच्या मुखाच्या बाजूला. बोंबील, जो जवळ्यावर पोसला जातो, त्याचा विस्तारही असाच तुटक आहे: गुजरात-महाराष्ट्रात विपुल, मग मोठा खंड, मग बंगालच्या बाजूला पुन्हा विपुल. खाणारा आणि खाल्ला जाणारा, दोघांचीही रास मोठ्या, गाळ वाहणाऱ्या नद्यांच्या मुखांभोवती जमावी, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

चिखलाचा पुरावा त्याहून सरळ आहे. मातीतले बारीक खनिज कुठल्या खडकातून आले हे तपासून सांगता येते. दक्खनचा काळा पाषाण झिजला की स्मेक्टाइट नावाचे, पाणी पिऊन फुगणारे आणि उन्हात आक्रसून भेगा पाडणारे चिकण खनिज तयार होते. निमाड-खानदेशातली काळी कापसाची माती म्हणजे मुख्यतः तेच. सिंधू नदी हिमालयातून वेगळी खनिजे आणते, आणि सौराष्ट्राच्या बाजूच्या समुद्रतळावर तिची छाप दिसते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्याच्या तळावरची माती तपासली तेव्हा खंभातच्या आखातापासून दक्षिणेकडे किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात स्मेक्टाइटचे प्राबल्य आढळले. नर्मदा आणि तापी यांनी आणलेली ती माती. तापीची लांबी ७२४ किलोमीटर, तिचे खोरे ६५,१४५ चौरस किलोमीटर. त्यातला ९,८०४ चौरस किलोमीटर भाग मध्य प्रदेशात, ५१,५०४ महाराष्ट्रात आणि गुजरातेत उरलेला लहानसा तुकडा. समुद्र लाभला तो गुजरातेला, पण माती पुरवणारा मुलूख जवळजवळ सगळा बैतूल, बुऱ्हाणपूर, जळगाव, धुळे यांचा आणि पूर्णेच्या काठच्या वऱ्हाडाचा. पावसाळ्यात नांगरटीवरून वाहून गेलेली काळी माती ज्या उथळ समुद्रतळावर पसरते, त्याच तळाच्या वरच्या पाण्यात डोलीचे खोले भरतात.

यावर अभ्यासू वाचकाचा एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो दमदार आहे. जवळ्याची रास नद्यांमुळे नसून भरती-ओहोटीमुळे आहे, असे तो म्हणेल. खंभातच्या आखातात भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांपलीकडे जातो. मुंबईला उधाणात तो पाच मीटरांच्या घरात असतो. दक्षिणेला केरळात एक मीटरभर. शिवाय मुंबई-गुजरातसमोरचा उथळ समुद्रमंच फार रुंद आहे, केरळसमोरचा अरुंद. एवढी दोन कारणे हाताशी असताना नदीला मध्ये कशाला ओढायचे? आक्षेपातली दोन्ही तथ्ये खरी आहेत आणि ती मला नाकारायची नाहीत. पण भरतीचा प्रवाह अन्न तयार करत नाही. तो तळाशी बसलेले वर आणतो, ढवळत ठेवतो. वर आणायला तळाशी काही असावे लागते. रेतीच्या किंवा खडकाच्या तळावरून कितीही जोराचा प्रवाह गेला तरी पाणी नुसते हलते. उथळ मंचावरचा बारीक, सेंद्रिय द्रव्याने भरलेला चिखल हा हजारो वर्षांच्या नदीगाळाचा थर आहे, म्हणून तिथली भरती कामाची ठरते. गंगेच्या मुखाकडेही भरतीच्या जोडीला गाळाची नदी आहेच.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. नदीवर एवढे अवलंबून असेल तर धरणे झाल्यावर जवळा नाहीसा व्हायला हवा होता. तापीवरचे उकाईचे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले, त्याच्या वर हतनूर झाले, नर्मदेवर सरदार सरोवर पूर्ण उंचीला पोचून २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. या धरणांच्या पोटात गाळ अडतो आणि मुखाशी पोचणारा गाळ पूर्वीपेक्षा खूप कमी झाला आहे. तरीही सुकट बाजारात येतेच. मला वाटते, या आक्षेपात काळाचे माप चुकते. समुद्रतळावर साचलेली माती काही पावसाळ्यांची नव्हे. ती पुंजी आहे आणि भरती रोज दोनदा तिचा वापर करते. पुंजी मोठी असली की आवक घटल्याचा परिणाम लगेच दिसत नाही. दुसरे असे की नदी नुसती माती आणत नाही. पावसाळ्यातला गोड पाण्याचा लोंढा, त्यात विरघळलेले सिलिका, नत्र, स्फुरद, यांवर मुखाजवळच्या डायटमांचा हंगाम ठरतो. धरण हे पाणी वर्षभर वाटून सोडते किंवा कालव्यांनी दुसरीकडे नेते. मग मुखाजवळचे पाणी केव्हा गोडे आणि केव्हा खारे, हे वेळापत्रक बदलते. भरूचच्या नर्मदेतल्या चाकसी (हिलसा) माशाच्या मच्छीमारांनी या बदलाची तक्रार जाहीरपणे अनेकदा केली आहे. जवळा चाकसीइतका नदीला बांधलेला नाही, खारटपणातले मोठे चढउतार तो सोसतो. म्हणून धरणांनी जवळा संपवला असे म्हणणे चूक होईल, आणि मी तसे म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की वरच्या खोऱ्यात पाण्याचे आणि मातीचे जे काही केले जाते ते त्याच्या हिशेबात कुठेतरी लिहिले जाते.

जवळ्याला कोण खातो, हा भाग पुढच्या पानांत सविस्तर येईल. इथे त्यातला एकच मुद्दा घेतो, कारण त्यावर किनाऱ्यावरच दोन पक्ष आहेत. बोंबील, मांदेली, ढोमे, वाकट्या, असे डोलीत आणि इतर जाळ्यांत येणारे कितीतरी मासे जवळ्यावर जगतात. बोंबलाच्या पोटात सापडणाऱ्या अन्नात जवळ्याचा वाटा नेहमीच मोठा निघाला आहे. मग जवळा पकडणे म्हणजे बोंबलाच्या ताटातले काढून घेणे नव्हे काय? तर्क बिनचूक वाटतो, पण जवळ्यासारख्या काही महिन्यांत पिढी बदलणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो फार ताणता येत नाही. त्यातला बराचसा जवळा कोणी ना कोणी खाणारच असतो. माणसाने थोडा घेतला तर मोठे बिघडत नाही. खरा बिघाड दुसरीकडे आहे. बाजारातल्या सुकटीची एक ओंजळ परातीत पसरून पाहिली की जवळ्याच्या फिकट गुलाबी राशीत नखाएवढी चंदेरी मांदेली, दोऱ्यासारखे बोंबलाचे पोर, एखादी इवलीशी कुर्ली आणि खऱ्याखुऱ्या कोळंबीची पिल्ले सापडतात. जवळा स्वतः पिल्लू नाही, पण जवळ्यासाठी लावलेला बारीक आसाचा खोला पिल्ले गोळा करतोच. त्यांतला प्रत्येक जीव काही महिने जगला असता तर शेकडो पटींनी वजनदार झाला असता. बोंबलाचे नुकसान त्याच्या ताटापेक्षा त्याच्या पाळण्यात जास्त होते. जवळ्याच्या मासेमारीवर टीका करणाऱ्यांनी टीकेचा रोख एवढा बदलला तरी ती रास्त ठरेल.

‘जवळा संपत नाही’ हे विधान मच्छीमार, व्यापारी आणि काही वेळा अधिकारीही ऐकवतात. त्याला आधार आहे. मादी अंडी हजारोंनी घालते, प्रजनन वर्षभर चालू राहते, हंगामी जोर कमीजास्त होतो एवढेच; एक पिढी जाळ्यात गेली तरी दुसरी मागे असते. जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. चीन-कोरियाच्या समुद्रातली याच वंशातली असेटिस जापोनिकस ही जाती जगात समुद्रातून पकडल्या जाणाऱ्या कोळंबीवर्गीय जातींत वजनाने पहिल्या क्रमांकावर राहिलेली आहे. २००५ सालच्या जागतिक आकडेवारीत तिची पकड साडेसहा लाख टनांच्या वर होती. मलेशियातले बेलाचान, इंडोनेशियातली तेरासी, म्यानमारमधली ङापी या खारवून आंबवलेल्या चटण्यांत असेटिसचाही वापर होतो. पण झटपट वाढणाऱ्या प्राण्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. ज्या माशाचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे असते, त्याच्या एका वर्षाच्या अपयशाची भरपाई जुन्या माद्या करतात. जवळ्याला जुन्या माद्याच नाहीत. शिल्लक शून्य, या पिढीने घातलेली अंडी वाया गेली की पुढची पिढी आणायला मागे फारसे कोणी उरत नाही. तो लवकर सावरतो हे खरे, आणि लवकर कोसळू शकतो हेही तितकेच खरे.

कोसळण्याचे उदाहरण याच कुळात आहे, जपानमध्ये. शिझुओका प्रांतातल्या सुरुगा आखातात साकुरा एबी नावाची गुलाबी सर्जेस्टिड होते. खोल आखातातली, रात्री वर येणारी, सुमारे सव्वा वर्ष जगणारी. तिचा शोधही गमतीचा आहे. १८९४ साली युई गावच्या मच्छीमारांच्या जाळ्याचे तरंगते सुटले की राहून गेले, जाळे नेहमीपेक्षा खोल गेले आणि वर आले ते गुलाबी राशीने भरून. त्यावर शंभरहून जास्त वर्षे एक अख्खा किनारा जगला. परवाने मोजके, वर्षात वसंत आणि शरद असे दोनच हंगाम, आणि सगळ्या होड्यांचे उत्पन्न एकत्र करून वाटून घ्यायची पद्धत, म्हणजे कोणी हव्यासाने जास्त पकडायचे कारण उरत नाही. इतकी शिस्त असूनही २०१८ च्या वसंतात पकड एकदम घसरली आणि त्या वर्षीचा शरदातला हंगाम बंद ठेवावा लागला. मच्छीमारांनी बोट दाखवले ते आखाताला मिळणाऱ्या फुजी नदीच्या वरच्या भागाकडे, तिथल्या धरणात साचलेल्या आणि नदीत सुटणाऱ्या गाळाकडे. नदीच दोषी आहे हे सिद्ध झालेले नाही. पकडीचा दाब, पाण्याचे तापमान, प्रवाह, अशी इतर कारणेही मांडली गेली. माझ्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे हे की त्या किनाऱ्यावरच्या माणसांनी समुद्रातल्या घटीचे कारण शोधताना नजर डोंगराकडे वळवली, आणि डोंगरातल्या धरणाची, गाळाची, खाणींची चौकशी करायला सरकारला भाग पाडले. आपल्याकडे गाळ कमी पोचतोय, त्यांच्याकडे तो अवेळी आणि वेगळ्या प्रतीचा पोचत होता. प्रश्न उलट दिशांचे असले तरी चौकशीचा रस्ता एकच.

आपण तो रस्ता घेत नाही याचे एक साधे कारण जवळ्याची किंमत हे आहे. पापलेट किंवा घोळ कमी झाली की बातमी होते. जवळा ओला असेल तर भाव पडलेला, वाळवला तर जरा बरा, आणि नीट वाळला नाही, रेती लागली किंवा पावसाचे सावट आले तर कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यासाठी फिशमीलच्या कारखान्यात. ज्या मालाला किंमत नाही त्याची मोजणीही ढोबळ होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या नोंदींत तो करंदी आणि इतरांबरोबर ‘नॉन-पिनिड’ या एका रकान्यात येतो, आणि मच्छीमार नोंदवतो ते टोपल्या, वजन नव्हे. पण किंमत कमी म्हणून महत्त्व कमी, हा हिशेब किनाऱ्यापासून लांबच्या माणसाच्या ताटावर चुकतो. पापलेट बर्फातून जाते आणि पैसेवाल्याच्या घरी थांबते. सुकटीला बर्फ लागत नाही, मीठही लागत नाही. एक-दोन दिवसांचे कडक ऊन पुरते, आणि मग ती गोणीत भरून ट्रकने डोंगर ओलांडते, जिथे विजेचा आणि शीतकपाटाचा भरवसा नाही अशा वस्तीपर्यंत पोचते. वाळल्यावर तिच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिने असतात, आणि ती कवचासकट खाल्ली जात असल्यामुळे कॅल्शियमही मिळते. सातपुड्याच्या पट्ट्यात, जिथे लहान मुलांच्या कुपोषणाची चर्चा दरसाल होते, तिथे हे स्वस्त आणि टिकाऊ अन्न फिशमीलकडे वळणे ही मासेमारीच्या खात्यापुरती बाब राहत नाही. सुकट रेतीत न वाळवता उंच मांडवावर किंवा जाळीवर वाळवली तर ती माणसाच्या खाण्याच्या प्रतीची राहते, आणि फिशमीलपेक्षा तिला भाव जास्त येतो. एवढ्या साध्या सुधारणेवर किती जवळा माणसाच्या ताटात येईल आणि किती कोंबडीच्या, हे ठरते.

राहता राहिला वरच्या खोऱ्याचा प्रश्न. किनाऱ्यावर डोलीच्या खुंटांच्या जागा कोणत्या गावाच्या, कोणत्या घराच्या, हे कोळ्यांच्या गावकीच्या रिवाजाने ठरलेले आहे. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना ठरावीक काळ बंदी असते. खोल्याचा आस किती असावा यावर वाद होतात पण निदान वाद तरी होतात. समुद्राच्या बाजूला नियमांची एक चौकट आहे. नर्मदेच्या पाण्याच्या वाटपाचा निवाडा मात्र झाला तो सिंचन, वीज आणि पिण्याच्या पाण्याच्या हिशेबाने. नर्मदा तंट्याचा १९७९ चा निवाडा वाचला तर चार राज्यांचे हिस्से एकर-फुटांत सापडतात. मुखाशी समुद्राला किती पाणी, कोणत्या महिन्यात, आणि किती माती, हा विचार त्यात मुख्य नाही. आज धरणाच्या खाली नदी कोरडी पडू नये म्हणून ठरावीक पाणी सोडण्याची चर्चा होते, तेव्हा मोजमाप घनफुटांचे असते. गाळाचे आणि हंगामाचे माप त्या कागदावर येत नाही. डोलीच्या खोल्यातला जवळा, हतनूर-उकाईतून सुटणारे पाणी आणि काठच्या शेतांतली माती, यांच्या नोंदी आज तीन वेगवेगळ्या खात्यांच्या दप्तरांत पडून आहेत. त्या महिन्यावार शेजारी-शेजारी मांडून पाहणे फारसे खर्चाचे काम नाही. डोलीच्या गावांतल्या टोपल्यांच्या नोंदी आणि तापीच्या प्रवाहाच्या नोंदी एका तक्त्यावर आल्या, तर इथे मांडलेला मुद्दा खरा किती आणि अंदाजाचा किती, हे पाच-सात हंगामांत कळू शकेल.